धीर आम्हीच का धरायचा?

"ताई, हिंमत ठेवा. तुम्हीच खचलात तर घराचं कसं होणार?" स्तनाच्या कॅन्सरसाठी माझी केमोथेरपी चालू होती तेव्हा डॉक्टर, नर्स, नणंद, शेजारीण सगळ्यांच्या तोंडी हेच वाक्य. नीट ऐका मैत्रिणींनो : आजारी मी, आणि काळजी घराची!

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. "त्यांना एवढ्यात सांगू नका, घाबरतील." गाठ माझ्या शरीरात, पण बातमीवर हक्क नवऱ्याचा! पुढचे पंधरा दिवस मी घरच्यांचे चेहरे वाचत काढले. नंतर आजार कळला, पण त्या पंधरा दिवसांइतकी भीती पुन्हा वाटली नाही.

मग झोप उडाली, रडू आवरेना. तर म्हणे, "चांगले विचार करा, नाहीतर औषध लागू पडणार नाही." म्हणजे आजार वाढला तर दोषही आमचाच! चांगल्या विचारांनी कॅन्सर बरा होतो, असं संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर रुग्णांच्या मनावर आयुष्यभर काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी तर या सक्तीला 'जुलूम' म्हटलं.

अमेरिकेत १९९०च्या दशकात एक साधी पट्टी तयार झाली. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते रुग्णानं ० ते १० मध्ये सांगायचं. सोबत कारणांची यादी : मुलं, पैसे, जाण्यायेण्याची सोय, जोडीदार, झोप. आकडा ४ किंवा जास्त आला की पुढची चौकशी करून योग्य माणसाकडे पाठवायचं. यासाठी लागतो एक कागद आणि विचारणारं माणूस. तेवढंही आपल्याला जड का जावं?

त्या यादीतली किती दुःखं घरातून आणि पैशाच्या ओढाताणीतून येतात पाहा. त्यावर प्राणायामाचा सल्ला पुरत नाही. केमोच्या आठवड्यात पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्या लागतात.

म्हणून आमच्या मागण्या : निदान प्रथम बाईला सांगा, तिला हव्या त्या माणसासमोर. दर खेपेला रक्तदाबासारखी मनाचीही नोंद करा. प्रत्येक कॅन्सर विभागात पगारी समुपदेशक नेमा. ही दया नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

आणि आपण? आजारी मैत्रिणीला भेटायला जाल तेव्हा "धीर धर" म्हणू नका. "काय होतंय?" विचारा, रडली तर रडू द्या. निघताना तिची भांडी घासून या. नवरा घरात असेल तर त्यालाही हाताशी घ्या.