अपोस्टिल म्हणजे काय? हिमायतनगरचा दाखला परदेशात कसा चालतो?

सौदी अरेबियात नोकरी लागली, तर डिग्रीवर अपोस्टिल पुरतं. दुबईत लागली, तर तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही आखातातच, मग हा फरक का?

याचं उत्तर १९६१ च्या हेग करारात आहे. दाखला जिथे निघाला त्या देशाने त्याला अपोस्टिल हे प्रमाणपत्र जोडलं, की करारातले देश तो मान्य करतात. दूतावासाच्या शिक्क्याची गरज उरत नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. इथे अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देतं. सौदीत करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. यूएई, कतार, कुवेत मात्र करारात नाहीत. तिथे जायचं असेल तर मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो.

कागद कुठून कुठे जातो?

जन्मदाखला किंवा पदवी थेट परराष्ट्र मंत्रालयाकडे जात नाही. आधी राज्याचा शिक्का लागतो:

- जन्म, विवाह दाखला: राज्याचा गृह किंवा सामान्य प्रशासन विभाग
- मार्कशीट, पदवी: राज्याचा शिक्षण विभाग
- व्यापारी कागदपत्रं: चेंबर ऑफ कॉमर्स. परदेशी हळद पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची वाट ही.

हिमायतनगर तेलंगणाच्या सीमेजवळ. मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, म्हणून काम तिथेच उरकावंसं वाटणं साहजिक आहे. पण दाखला ज्या राज्यात निघाला, त्याच राज्याचं साक्षांकन आधी लागतं.

जुन्या पदवीचं आणखी एक आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झालं. त्याआधीची पदवी संभाजीनगरच्या विद्यापीठाची, त्यामुळे पडताळणीही तिथूनच.

खर्च किती?

मंत्रालय कागद थेट अर्जदाराकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला फक्त ५० रुपये आहे. एजन्सीचा सेवाखर्च वेगळा. मध्यस्थ हजारो रुपये मागत असेल, तर कशाचे किती हे लिहून मागा.

शिक्का कशाची हमी देतो?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. अपोस्टिल फक्त सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. आतला मजकूर बरोबर आहे, असं ते म्हणत नाही. पासपोर्टवर आडनाव एक, टीसीवर दुसरं. जन्मदाखल्यात वडिलांचं नाव अर्धवट. लग्नानंतर नाव बदललं, पण पदवी माहेरच्या नावाची. शिक्का बसला तरी हा फरक तसाच राहतो आणि अडचण येते ती परदेशात, व्हिसाच्या किंवा नोकरीच्या टेबलावर.

म्हणून आधी सगळे कागद पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती नगरपंचायत, शाळा किंवा विद्यापीठातूनच होते आणि तिला वेळ लागतो. शिक्क्याचं काम त्यानंतरचं. चुकीच्या दाखल्यावर अपोस्टिल घेतलं, तर दुरुस्त दाखल्यासाठी सगळी फेरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.