काळा हिरा घेण्यापूर्वी

निकाहाच्या खरेदीत हल्ली सराफाकडे काळ्या हिऱ्याच्या अंगठ्याही दाखवल्या जातात. पांढऱ्या हिऱ्यापेक्षा स्वस्त आणि दिसायला वेगळा, म्हणून मुलामुलींना तो आवडतो. आवडण्यास आमची हरकत नाही. पण मेहेरमध्ये तो द्यायचा असेल, तर त्याची खरी किंमत आधी कळली पाहिजे.

काळा हिरा म्हणून जे विकले जाते, त्याचे तीन प्रकार समजून घ्यावेत.

पहिला, निसर्गतः काळा. ग्रॅफाइटसारख्या काळ्या द्रव्याचे असंख्य सूक्ष्म कण आत अडकल्याने तो काळा दिसतो. हा दुर्मिळ आणि महाग. दुसरा, प्रक्रिया केलेला. भेगा आणि डाग असलेला हलक्या प्रतीचा खरा हिरा अतिशय तापवून किंवा किरणांचा मारा करून काळा केला जातो. बाजारात हाच जास्त असतो. तो हिराच आहे, पण त्याची किंमत नैसर्गिक काळ्या हिऱ्यापेक्षा बरीच कमी असते. तिसरा प्रकार हिराच नव्हे. काळे मोइसनाइट, स्पिनेल, झिरकॉन म्हणून मिळणारा कृत्रिम खडा, अकीक किंवा नुसती काच.

पांढऱ्या हिऱ्याची निर्मळता तपासतात. काळ्या हिऱ्यातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून तो मापदंड येथे चालत नाही. जीआयए ही संस्था काळ्या हिऱ्याला निर्मळतेची श्रेणी देत नाही. रंगाच्या जागीही ‘फॅन्सी ब्लॅक’ एवढेच लिहिले जाते. तेव्हा विक्रेता काळ्या हिऱ्याची निर्मळता फार वरची आहे असे सांगू लागला, तर सावध व्हावे.

मग पाहायचे काय? पृष्ठभाग. दहापट दाखवणारे भिंग मागून घ्यावे. खड्डे, चरे, तुटलेल्या कडा दिसतात का? काळेपणा सगळीकडे सारखा आहे का? पैलू एकमेकांना नीट मिळतात का? चकाकी आरशासारखी हवी. पातळ कडेवर तीव्र प्रकाश धरल्यावर हिरवट झाक दिसली, तर किरणांची प्रक्रिया किंवा मोइसनाइट असण्याची शंका घ्यावी. दुकानातील उष्णतेवर चालणारे छोटे यंत्र मोइसनाइटलाही हिरा म्हणते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

शेवटचा निर्णय प्रयोगशाळेचा. जीआयए आणि आयजीआय या दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. प्रमाणपत्रात रंग नैसर्गिक की प्रक्रियेने आलेला, हे वाचावे. वजन, माप आणि क्रमांक खड्याशी जुळवावेत. खडा कोंदणात बसवण्यापूर्वीच तपासलेला बरा. हॉलमार्क फक्त धातूच्या शुद्धतेची हमी देतो, खड्याची नाही, हे विसरू नये.

वजन कॅरेटमध्ये सांगतात. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. सोन्याच्या 22 कॅरेटशी त्याचा संबंध नाही. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन, खड्याची किंमत आणि ‘प्रक्रिया केलेला’ किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्द वेगवेगळा लिहून घ्यावा. परत देताना काय मिळेल, तेही लेखी मागावे.

हे मेहेरसाठी का महत्त्वाचे? मेहेर हा वधूचा हक्क आहे. दुकानातील किंमत धरून निकाहनाम्यात मोठी रक्कम लिहिली, आणि उद्या अडचणीत तिने अंगठी मोडायला नेली, तर सोन्याचे पैसे मिळतात. प्रक्रिया केलेल्या खड्याचे फारसे काही हाती येत नाही. म्हणजे कागदावरचा हक्क तिच्या हातात कमी पडला. आमच्या मते मेहेरची रक्कम सोन्यात किंवा रोख ठरवावी आणि काळ्या हिऱ्याची अंगठी हौसेची भेट म्हणून वेगळी द्यावी.

घेतलाच, तर जपावा. आतल्या भेगांमुळे तो ठोकर लागून तडकू शकतो. कडा झाकणारे कोंदण निवडावे. यंत्रात धुऊ नये. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरेसा.