अंथरुणावरच्या माणसाची कूस

पक्षाघात झालेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला माणूस इस्पितळातून घरी आला, की औषधांची चिठ्ठी आपण जपून ठेवतो. त्याला निजवायचे कसे, हे मात्र कोणी विचारीत नाही. एकाच अंगावर पडून राहिले की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपते, तिथे रक्त पोहोचत नाही आणि माकडहाड, खुबा, टाच इथे जखमा होतात. मग आपण म्हणतो, आजारच वाईट होता. पुष्कळदा तसे नसते.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. डावी, पाठ, उजवी. वेळ कॅलेंडरच्या मागे लिहावी. आम्हां कारकुनांना नोंदीवाचून चैन पडत नाही हे खरे. पण रात्रपाळीहून आलेल्या मुलाला शेवटची कूस कधी बदलली ते त्यावरूनच कळते. अगदी आडवे न करता पाठीशी उशी देऊन कलते ठेवावे, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी द्यावी. उताणे असताना पोटऱ्यांखाली घडी ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात. खुब्याचे ऑपरेशन झाले असल्यास कोणती कूस चालेल, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

वर सरकवताना ओढू नये, कातडी खरवडते. लुळा हात धरून तर मुळीच ओढू नये, खांदा निखळतो. जुन्या लुगड्याची दुहेरी घडी खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालावी आणि दोघांनी दोन्हीकडून धरून, गुडघ्यात वाकून उचलावे. दुपारी घरी सून एकटीच असते. भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदे खुशाल आणावीत, पण जाण्यापूर्वी लुगड्याचे दुसरे टोक धरावे!

भरवताना बसते करावे, नंतर अर्धा तास तसेच ठेवावे. नाही तर घास श्वासनळीत जातो.

आपल्या सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. म्हणून रोज हात लावून पाहावे. जागा गरम, टणक किंवा दुखरी लागली तर तिच्यावर भार देऊ नये आणि चोळूही नये. स्पिरिटने रगडण्याची जुनी रीत सोडावी. हवेची गादी आणली तरी कूस बदलणे चुकत नाही. कातडी फुटली, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.