ब्राउझर कोणाचा? पालघरमधून पाहिलेला मसला

दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आणि जून २०२५ पासून वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी आलेलं उमीद पोर्टल. डहाणू-तलासरीतल्या माणसाचं सरकारशी असलेलं बरंचसं काम आता ब्राउझरच्या खिडकीतून होतं. ही खिडकी कोणी बसवली असं वर्गात विचारलं की मुलं सांगतात, "सर, गूगल उघडायचं, बस." फोन घेतला तेव्हा क्रोम आतच होता. निवडायची वेळ आलीच नाही.

ही वेळ न येणं साधी गोष्ट नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यातला एक मोठा आक्षेप हाच होता, की फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गूगलची सगळी अॅप एकगठ्ठा, आधीच भरून द्यावी लागत होती. त्या गठ्ठ्यात क्रोमही होता.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. इथल्या फार थोड्यांना ती माहीत आहे. २०१५-१६ मध्ये फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना गाजत होती. गरिबाला इंटरनेट फुकट, पण कंपनीने ठरवलेल्या मोजक्याच साइट. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असा भेदभावाचा दर बंद केला. या वादात फेसबुकच्या विरोधात जे उभे होते त्यांत फायरफॉक्स बनवणारी मोझिला ही संस्थाही होती. नुसता विरोध करून भागणार नव्हतं. मग गरिबापर्यंत पूर्ण इंटरनेट पोहोचवायचं कसं? त्यासाठी मोझिलाने जगभरातून कल्पना मागवल्या. मार्च २०१७ मध्ये पहिलं बक्षीस, सव्वा लाख डॉलर, आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला मिळालं. प्रा. अभय करंदीकर आणि डॉ. सरबानी बॅनर्जी बेलूर यांची ही टीम पालघर जिल्ह्यातल्या गावांत काम करत होती. टीव्हीच्या प्रसारणासाठी राखलेल्या पण न वापरलेल्या लहरींवरून खामलोली परिसरात चाचणी झाली, पुढे काम २५ गावांपर्यंत गेलं. ग्रामपंचायतीलाही भागीदार करायचं, हा त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग.

ब्राउझर बनवणारे लोक आपल्या खेड्यातल्या इंटरनेटसाठी पैसे का देतात? कारण मोझिलाची मालकी एका ना-नफा फाउंडेशनकडे आहे, शेअरहोल्डर कोणी नाहीत. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून मोझिला उभी राहिली आणि २००४ मध्ये फायरफॉक्स आला. ओपन सोर्स म्हणजे काय, हे समजायला जमातीच्या नोटीस बोर्डावर लावलेला हिशेब आठवा. सगळेच तो वाचत नाहीत. पण कोणीही वाचू शकतो म्हणून लिहिणारा जपून लिहितो.

हिशेब बंद कपाटात असला की काय होतं तेही आपण पाहिलंय. स्वस्त फोन आणि रडतखडत चालणाऱ्या टू-जीच्या काळात यूसी ब्राउझर सगळीकडे होता. हलका होता, गाणी पटापट उतरायची. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं, की तो वापरणाऱ्याची खासगी माहिती नीट सुरक्षित न करताच बाहेर पाठवतो. जून २०२० मध्ये चिनी अॅपबंदीत तो गेला. बंदीआधी आपल्यापैकी कितीजणांनी तो स्वतःहून काढला होता?

मग क्रोम वाईट का? इतकं सरळ नाही. क्रोमचा पाया असलेला क्रोमियम २००८ पासून ओपन सोर्सच आहे. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे त्याच पायावर. म्हणजे दुकानावरच्या पाट्या वेगळ्या, गिरणी एकच. अँड्रॉइडवर वेगळं इंजिन असलेला मोठा पर्याय फायरफॉक्सच उरतो. सगळ्यांनी एकाच इंजिनावर साइट तपासल्या तर जुने दिवस परत येतील. सरकारी साइटवर 'इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उघडा' असं लिहिलेलं असायचं ना, ते.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. एकेकाळी उर्दू अखबारांच्या साइटवर मजकूर चक्क चित्र म्हणून टाकायचे, कारण नस्तालीक नीट जुळायचं नाही. शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. आज नोटो नस्तालीकसारखे खुले फॉन्ट आहेत, आणि अक्षरं जोडण्याचं काम 'हार्फबझ' नावाचं ओपन सोर्स इंजिन करतं. नाव फारसी, 'हर्फ-बाज', म्हणजे खुली अक्षरं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळ्यांत ते आहे. तेच इंजिन आपली मराठी जोडाक्षरंही जुळवतं. मी दोन्ही भाषांत शिकवतो, मला याचं फार अप्रूप वाटतं.

फायरफॉक्सचे दोष लपवण्यात अर्थ नाही. कमी रॅमच्या फोनवर तो कधी अडखळतो, काही साइट त्यावर नीट चालत नाहीत. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न फायरफॉक्समध्ये गूगल सर्च ठेवण्याच्या मोबदल्यातून येतं. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच ताटात जेवायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'तुमची माहिती कधीच विकणार नाही' हे जुनं वाक्य त्यांनी काढलं, तेव्हा त्यांचेच चाहते चिडले आणि अटींची भाषा बदलावी लागली. हिशेब बोर्डावर असला तरी प्रश्न विचारणारे लागतातच.

माझ्या मते रोजच्या वाचनाला फायरफॉक्स घ्यावा. मोबाईलवरही त्यात जाहिरात अडवणारं युब्लॉक ओरिजिन बसतं, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये अशी सोयच नाही. दिवसाला दीड जीबी डेटावर घर चालवणाऱ्यांना हा फरक कळेल. एखादा फॉर्म अडला तर क्रोम आहेच. सायबर कॅफेत मात्र ब्राउझर कोणताही असो, 'पासवर्ड सेव्ह करू का' याला नाही म्हणा आणि उठताना लॉगआउट करा.

शाळांचा विषय यापेक्षा मोठा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि शाळांतले कितीतरी जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून लिनक्सवर चालतात, तिथले शिक्षकच त्याचं प्रशिक्षण घेतात आणि देतात. आपल्याकडे असे संगणक भंगारात जाण्याआधी एका यंत्रावर लिनक्स टाकून बघायला पेन ड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार पुरते.