अंदमानच्या सहलीला निघालात? ही गोष्टही ऐकून जा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या मारतहळ्ळीतल्या बऱ्याच घरांत अंदमानचा बेत शिजतो. बेंगळुरूहून थेट विमान आहे, समुद्र निळाशार आहे आणि मराठी माणसाला सेल्युलर जेल पाहायचंच असतं. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण याच बेटांवर साडेतीन वर्षं जपानचं राज्य होतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. इंग्रज आधीच निघून गेले होते, त्यामुळे लढाई अशी झालीच नाही. आशियाला गोऱ्यांच्या तावडीतून सोडवायला आलोय, असं जपान सांगत होता. इंग्रज गेले म्हणून अनेकांना आनंदही झाला.

पुढच्याच वर्षी नेताजी सुभाषचंद्र बोस तिथे आले. ३० डिसेंबर १९४३ रोजी त्यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. बेटांना ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावं दिली. आझाद हिंद सरकारच्या वतीने कर्नल लोगनाथन कारभार पाहायला आले. पण पोलीस आणि खरी सत्ता जपान्यांनी स्वतःकडेच ठेवली. लोगनाथन यांच्या हाती जेमतेम शिक्षण खातं आलं.

आता गोष्टीची दुसरी बाजू. डॉ. दिवाण सिंग हे तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी. इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे स्थानिक पुढारी, म्हणजे स्वातंत्र्याच्याच बाजूचे. तरीही हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी त्यांना सेल्युलर जेलमध्ये डांबलं. नेताजी बेटावर आले तेव्हा ते आतच होते. छळामुळे जानेवारी १९४४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. झेंडावंदनाला बरोबर एक महिना झाला, त्या ३० जानेवारीला हम्फ्रीगंज इथे ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे अन्नटंचाईनेही लोकांचे हाल झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परत आले.

म्हणजे एकाच तुरुंगात आधी इंग्रजांनी आपली माणसं कोंडली, नंतर ‘सोडवायला’ आलेल्यांनीही!

मग मुलांना काय सांगायचं? दोन्ही सांगा. नेताजींचा झेंडा खरा होता आणि हम्फ्रीगंजचं दुःखही खरं होतं. एक सांगितल्याने दुसरं छोटं होत नाही. २०१८ मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांना ‘स्वराज’ व ‘शहीद’ ही नावं मिळाली, ती याच इतिहासातून. तिथे फोटो काढताना मुलांना नावामागची गोष्ट जरूर सांगा.

आणि जमलं तर हम्फ्रीगंजच्या स्मारकालाही जाऊन या. दोन फुलं वाहायला फार वेळ लागत नाही.