शांत इंजिनाविषयी

टॅपेट जुळवणे हे गॅरेजमधील मिस्त्रीचे काम, साहित्याच्या अध्यापकाने त्यात पडू नये, हे मत आम्हांस मान्य नाही. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटचे उदाहरण घ्यावे. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टप्प्यात सर्वांत वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असावेत. मग पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे. वर-खाली मात्र हलता कामा नये. फीलर गेज येथे लागत नाही. स्पर्श हेच माप. सैल टॅपेट टकटक करून आपला दोष सांगतो. आवळलेला गप्प राहतो, आणि पुरता न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू जळत जातो. आवाज नाही म्हणजे दोष नाही, हे वाचन म्हणूनच धोक्याचे. संहितेतील मौन वाचायला शिकवणाऱ्यांनी हे काम एकदा तरी घरी, स्वतःच्या हाताने करावे.