आधी मासा, मग माती

फलप्रामाण्यवाद म्हणजे ‘ज्याने काम भागले ते सत्य’ असे मानणारे बाजारी तत्त्वज्ञान होय, आणि आरोग्याच्या समाजशास्त्रात त्यास थारा दिल्यास डॉक्टरचे औषध व भगताचा अंगारा एकाच तागडीत तोलावे लागतील, असा आक्षेप विद्वज्जन घेतात. हा आक्षेप मताच्या नावावर आहे, मतावर नव्हे. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांचे विद्यार्थी होते, त्या फलप्रामाण्यवादी जॉन ड्यूई यांच्या लेखी फळ म्हणजे एकट्या रोग्यास घटकाभर वाटलेला आराम नसून, कृतीचे परिणाम ज्यांना ज्यांना भोगावे लागतात त्या सर्वांसमक्ष, चूक सुधारण्याची तयारी ठेवून, ज्याची रुजवात झाली तेच फळ होय. या कसोटीस अंगारा उतरत नाही. पण निव्वळ अधिकाराच्या बळावर सुटलेला वैद्यकीय हुकूमही उतरत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगनिवारणार्थ घरझडत्या झाल्या, तेव्हा लोकांनी धास्तीने रोगी लपविले. म्हणजे ज्या उपायाने रोग हुडकावयाचा, त्यानेच तो दप्तराच्या दृष्टीआड केला.

‘मग निर्णय अडाण्यांच्या हाती द्यावयाचा काय?’ असा दुसरा प्रश्न येतो. त्यास गडचिरोलीचा दाखला पुरेसा आहे. नवजात अर्भकाच्या जंतुदोषावर इस्पितळाबाहेर इलाज नाही, असा वैद्यकाचा दंडक असता, डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना निदान व इंजेक्शन शिकविले. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. येथे शास्त्र सोडले नाही. शास्त्र कोणी हाताळावे याविषयीचा पूर्वग्रह मात्र परिणामांच्या साक्षीने खोटा ठरला.

आता हीच कसोटी लावून आमच्या वसई तालुक्यातल्या उमेळ्यासारख्या गावाचा विचार करू. साचलेल्या पाण्यात डास होतात हे निर्विवाद. परंतु तेवढ्यावरून बावखल, म्हणजे वाडीतले खणलेले तळे, बुजवावे असे म्हणणारा, पावसाचे पाणी पोटात घेऊन विहिरींना पाझर देणारे आणि वाडी शिंपणारे तेच बावखल आहे, हा हिशेब जमेस धरीत नाही. मलेरियाचा ताप हा परिणाम, तसा आटलेल्या विहिरीचा हंडाही परिणामच, आणि तो हंडा दुरून वाहणारी बाई ही आरोग्याच्या चौकशीतली साक्षीदार आहे. पाण्यात सोडलेले गप्पी मासे निरुपयोगी ठरले तर दुसरा उपाय योजता येतो; मातीने भरून वर इमारत चढलेले बावखल पुन्हा खणता येत नाही. म्हणून आमचा निवाडा असा की, जो उपाय चुकल्यास मागे घेता येतो, त्याची पाळी पहिली.